लाकडं आणायला रानात

अजगर माझ्या गळ्यात होता. चार-साडेचार फुटांचा, गार, आणि दिसत होता त्यापेक्षा जड. देवळाचा राखणदार त्याचं शेपूट माझ्या दंडावर नीट बसवत होता आणि मी उरलेल्या हाताने खिशातली वही काढायच्या खटपटीत होतो.

बाहेरच्या बाकावरून प्रमिला म्हणाली, "दोन्ही हात मोकळे ठेवा. लिहिणं नंतर होईल."

"नंतर विसरायला होतं."

"तुम्हाला?" ती म्हणाली, आणि रस्त्यापलीकडच्या चर्चकडे बघू लागली.

आमचा वाटाड्या कोजो हसला. त्याला मराठी येत नव्हतं. पण नवरा-बायको काय बोलतात ते कुठल्याही भाषेत कळतं, असं तो आदल्याच दिवशी म्हणाला होता. चाळिशीचा उंच माणूस. शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना गाव दाखवायचा.

"घाबरू नका," तो मला म्हणाला. "हे देवाचे आहेत. कधी एखादा बाहेर पडून कुणाच्या घरात शिरतो. लोक त्याला उचलून परत इथे आणून सोडतात. मारत नाही कुणी."

"आमच्याकडे वारुळापुढे दूध ठेवतात," मी म्हणालो. अजगर उतरवल्या उतरवल्या दोन्ही गोष्टी एकाखाली एक लिहून घेतल्या आणि विचारलं, "आता पुढे काय?"

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव विदा. पश्चिम आफ्रिकेत बेनिन नावाचा चिंचोळा देश आहे, त्याच्या किनाऱ्यावरचं. माझा एक जुना विद्यार्थी, भालू तळवणेकर, तिथे कोतोनू शहरात राहून कोकणातल्या कारखान्यांसाठी कच्चा काजू खरेदी करायचा. "सर, निवृत्त झालात, आता या," असं तो दोन वर्षं म्हणत होता. "तुम्ही जन्मभर देवचार आणि अंगात येणारे अवसर यांच्यामागे धावलात. इथे त्यांचं माहेर आहे."

खोटं नव्हतं ते. मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात तीस वर्षं मराठी शिकवलं, पण जीव लोकसाहित्यात. कुणाच्या अंगात देव येतो म्हटलं की मी तिथे. गावऱ्हाटी, जत्रा, कौल, गाऱ्हाणी. जिल्हा संपला तसा बस्तर झाला, आसाम झालं. लोक मला गमतीने 'पायाला चक्र असलेले सर' म्हणायचे. प्रमिला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती क्वचितच बरोबर यायची. या वेळी मात्र मी विचारल्यावर ती लगेच हो म्हणाली. मलाच आश्चर्य वाटलं.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांना वूडूवर लेख हवा होता. "आणि ती बाहुली," ते फोनवर म्हणाले होते. "सुया टोचलेली. तिचा फोटो पानभर टाकू." म्हणून मी तीन दिवस बाहुली शोधत होतो. बाजारात माकडांच्या कवट्या होत्या, वाळलेले सरडे होते, बाटल्यांत बुडवलेली मुळं होती. सुया टोचलेली बाहुली नव्हती.

कोजोला ते ऐकून राग आला नाही, पण चेहरा थोडा मिटला. "ती सिनेमात असते," तो म्हणाला. "वोदून म्हणजे आमच्या भाषेत नुसतं देवत्व. नदीचं, विजेचं, देवीच्या रोगाचं. तुमच्याकडेही असेल."

"आहे," मी म्हणालो. "पण फोटो लागतो."

देवळातून निघालो ते आम्ही समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. लाल माती, दोन्ही बाजूंना माड, मधेच एखादं पत्र्याचं दुकान. आपल्याकडचाच रस्ता वाटावा. फक्त वाळवंटाकडून येणाऱ्या वाऱ्याने हवेत धूळ भरून राहिली होती आणि सूर्य दिवसाढवळ्या चंद्रासारखा फिकट दिसत होता. याच रस्त्याने, कोजो सांगत होता, साखळ्या घातलेली माणसं जहाजांपर्यंत चालवत नेली. वर्षानुवर्षं, हजारोंनी. त्यांच्याबरोबर त्यांचे देवही गेले. हैतीला गेले, ब्राझीलला गेले, तिथे नावं बदलून राहिले.

वाटेत एका चौथऱ्यावर जलदेवतेचा पुतळा होता. कोजो तिथे थांबला.

"इथे एक झाड होतं, असं म्हणतात. विसरण्याचं झाड. माणसांना त्याच्याभोवती फिरवायचे. पुरुषांना नऊ फेऱ्या, बायकांना सात. म्हणजे मग गाव, आई, नाव, देव, सगळं विसरायला होतं. विसरलेली माणसं जहाजात दंगा करत नाहीत."

मी ते प्रमिलेला मराठीत सांगितलं. तिला वाचलेलं इंग्रजी कळायचं, पण कोजोचा फ्रेंच वळणाचा उच्चार तिला झेपत नाही असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, आणि तीन दिवस त्याचं बोलणं तिला माझ्या तोंडून मिळत होतं.

"बायकांना दोन कमी का?" तिने विचारलं.

मी कोजोला विचारलं. त्याने खांदे उडवले. "आमच्यात पुरुषांचा आकडा नऊ, बायकांचा सात. एवढंच."

"आणि विसरले का ते?"

प्रमिलेचा हा प्रश्न मी विचारल्यावर कोजो तिच्याकडे वळून म्हणाला, "विसरले असते, तर देव तिकडे पोचले कसे असते?"

मी भाषांतर करण्याआधीच प्रमिलेने मान हलवली. मी तेव्हा पुतळ्याचा फोटो काढायला योग्य कोन शोधत चौथऱ्याभोवती फिरत होतो. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. मग घड्याळ बघितलं. अकरा वाजले होते, आणि माझ्या यादीतल्या अजून चार जागा राहिल्या होत्या.

"बाहुली नाही म्हणजे नाहीच का?" मी कोजोला पुन्हा विचारलं.

त्याने थोडा वेळ विचार केला. "लाकडी मूर्ती चालेल? माझ्या आईच्या ओळखीची एक म्हातारी आहे. जुळ्यांची आई. पण एक गोष्ट, सर. ती बाहुली नाही. तिच्यासमोर तो शब्द वापरू नका."

त्या म्हातारीचं, आफियावीचं, घर रस्त्यापासून आत होतं. मातीच्या भिंती, पत्रा, अंगणात कडुनिंब आणि त्याखाली दोन कोंबड्या. म्हातारी सत्तरीच्या पुढची, बारीक, डोक्याला निळं फडकं घट्ट बांधलेली. अंगणात तिने आम्हाला लाकडी बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि आधी स्वतः एक घोट घेऊन मग पेला पुढे केला. प्रमिला ते बघून माझ्याकडे वळून म्हणाली, "रीत असेल." मी लिहून घेतलं.

कोजोने आमची ओळख करून दिली. मग म्हातारीने आत जाऊन वेताच्या टोपलीतून ती मूर्ती आणली.

वीतभर उंचीचं लाकडी मूल. हात अंगाला चिकटलेले, डोळे अर्धे मिटलेले. नाक, ओठ, कपाळ सगळं झिजून गुळगुळीत झालं होतं. अंगात फुलाफुलांच्या कापडाचा, बरोबर त्याच्या मापाचा सदरा.

"हा साग्बो," कोजो म्हणाला. "हिला जुळे मुलगे झाले. पहिला झिन्सू, दुसरा साग्बो. साग्बो आठ महिन्यांचा असताना गेला. मग गावच्या सुताराने हा करून दिला. ती याला रोज आंघोळ घालते, जेवू घालते. झिन्सू आता पन्नाशीचा आहे, ट्रक चालवतो. तो स्वतःला सदरा शिवतो तेव्हा त्याच कापडाचा तुकडा याच्यासाठी राखून ठेवतो. दोघांना सारखं द्यायचं असतं. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, तर जुळी रागावतात."

"तोंड असं का झिजलंय?"

"पन्नास वर्षं धुतलंय, सर."

मी कॅमेरा काढला. मनात शब्द जुळायला लागले होते. पानभर फोटो, खाली दोन ओळी. कोजोने म्हातारीला विचारलं. ती काहीतरी पुटपुटली.

"आधी तो जेवेल, मग फोटो," कोजो म्हणाला.

म्हातारी उठली. चुलीकडे जायला तिला दोन्ही हात मोकळे हवे होते. माझ्या हातात कॅमेरा, कोजोच्या हातात पेला. तिने ती मूर्ती सरळ प्रमिलेच्या मांडीवर ठेवली आणि आत गेली.

प्रमिलेने मूर्ती उचलली. मी तेवढ्यात कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मला त्या चौकटीत जे दिसलं त्याने माझं बोट थांबलं. ती लाकूड धरल्यासारखं धरत नव्हती. डावा हात मानेखाली, डोकं कोपराच्या खोलगट भागात, उजवा हात खालून. नुकत्या जन्मलेल्या, मान न धरलेल्या मुलाला धरतात तसं. आमची केतकी तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि पुण्यात नोकरी करत होती. तिला असं धरून युगं लोटली होती. पण प्रमिलेचा हात चुकला नाही.

मी फोटो न काढताच कॅमेरा खाली घेतला.

म्हातारी परत आली. कल्हई उडालेल्या ताटलीत शिजवलेल्या चवळ्या, वर लाल तेल. तिने बोटाने थोडं घेऊन मूर्तीच्या ओठांना लावलं. प्रमिलेच्या हातातून मूर्ती परत घेतली नाही. तिच्याच मांडीवर राहू दिली. भरवता भरवता ती प्रमिलेकडे बघत काही बोलली.

कोजो म्हणाला, "ती विचारते आहे, या आईच्या पोटातून किती मुलं आली? ती सगळ्या बायांना हेच विचारते. घरी किती आहेत ते नाही. पोटातून किती आली ते."

मी हातातल्या कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

मी प्रमिलेला म्हणालो, "विचारतायत, घरी मुलं किती," आणि तिच्या उत्तराची वाट न बघता कोजोला इंग्रजीत सांगितलं, "एक. एकच मुलगी."

कोजोने ते म्हातारीला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने प्रमिलेच्या गुडघ्यावर हात ठेवला, स्वतःच्या पोटावर थोपटलं, आणि हाताची बोटं उघडून, मिटून, भुवया उंचावल्या. किती?

प्रमिलेने उजवा हात मूर्तीखालून काढला आणि दोन बोटं वर केली.

अंगणात कोंबडी माती उकरत होती, तेवढाच आवाज. कोजोने माझ्याकडे बघितलं. तो शहाणा माणूस होता. त्याने नजर हातातल्या पेल्याकडे वळवली. म्हातारीला मात्र त्यात नवल वाटलं नाही. तिने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

"दुसरं कुठे आहे, म्हणते," कोजो हळूच म्हणाला. "सर, तुम्ही मॅडमना विचारता का?"

प्रमिला माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. शाळेत एखाद्या मुलाला फळ्याजवळ उभं केल्यावर उत्तर येईपर्यंत ती जशी थांबायची, तशी.

"विचारतायत," मी शेवटी म्हणालो, "दुसरं कुठे आहे."

"ते तुम्हीच सांगा," प्रमिला म्हणाली. "मला कुठे ठाऊक आहे."

मी कोजोकडे वळलो. ज्या गोष्टीचा एक शब्द मी माझ्या भाषेत कधी उच्चारला नव्हता, ती मी परक्या भाषेत, परक्या अंगणात सांगितली. "मुलगा होता. त्याच दिवशी गेला. चार तासांनी."

कोजोने ते म्हातारीला सांगितलं. ती जोरजोरात मान हलवू लागली. नाही, नाही. तिने त्याला टोकलंच, चुकीचं बोलल्याबद्दल पोराला टोकावं तसं.

"ती म्हणते, तसं बोलू नये," कोजो म्हणाला. "मी तिची क्षमा मागायला हवी. आमच्यात जुळं मेलं असं म्हणत नाहीत. लाकडं आणायला रानात गेलंय, असं म्हणतात."

हे मी प्रमिलेला शब्दाला शब्द सांगितलं. त्या दिवसातलं माझं पहिलं प्रामाणिक भाषांतर.

तिने ऐकलं. मग मूर्तीचा वर सरकलेला सदरा खाली ओढून नीट केला आणि ती दोन्ही हातांनी म्हातारीला परत दिली.

फोटोची आठवण कुणालाच राहिली नाही.

समुद्रावर एक उंच कमान आहे. जिथून माणसं परत आली नाहीत, ते दार. बाकीचे प्रवासी तिच्याखाली उभे राहून फोटो काढत होते. कोजो गाडीजवळ थांबला. आम्ही दोघं कमानीच्या पलीकडे वाळूत जाऊन बसलो. लाटा मोठ्या होत्या, किनाऱ्याला आपटून फुटत होत्या. पाण्यात कुणी उतरलेलं नव्हतं.

मी उठलो, दहा पावलं गेलो, परत आलो, परत उठलो.

"एवढं इंग्रजी मला कळतं," ती म्हणाली. "बेली म्हणजे पोट, घर नव्हे."

मी खाली बसलो. "कधीपासून माहीत होतं?"

"माका सगळा ठावक होता," ती म्हणाली. मालवणी तिच्या आईची. फार आतलं काही बोलायचं असलं की तिच्या तोंडी ती यायची. मग पुन्हा आमच्या रोजच्या भाषेत आली. "केतकी अडीच महिन्यांची होती. तिला डोस द्यायला दवाखान्यात नेली होती. तुम्ही पेपर तपासायला रत्नागिरीला गेला होतात. तिथली आया, ती काळीसावळी, मालिनी, पोरीला बघून म्हणाली, पोरीने छान अंग धरलंय हो. धाकट्याचंच नशीब खोटं, चार तास काढले बिचाऱ्याने. तिला वाटलं, मला माहीत आहे."

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही. हो म्हटलं."

मार्च चौऱ्याऐंशी. लग्नानंतर सात वर्षांनी दिवस राहिले होते. साडेसातव्या महिन्यात तिला एकाएकी झटके आले. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागली. पोटात दोन आहेत हे तोवर कुणालाच कळलं नव्हतं. ती दीड दिवस बेशुद्ध होती. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब अजून खाली आलेला नाही, शुद्धीवर आल्यावर धक्का बसेल असं काही बोलू नका, पुढे सांगा. माझी थोरली बहीण, आक्का, तिथे होती. ती म्हणाली, एक हातात आहे ना, मग कशाला बोलायचं, पुढे सांगू. ते पुढे कधी आलं नाही. महिन्याने सांगायचं ठरवलं तेव्हा ती केतकीला पाजत होती आणि हसत होती. वर्षाने सांगायचं तर वर्षभर का लपवलं, हे सांगावं लागलं असतं. दहा वर्षांनी तर तोंडच राहिलं नाही. आक्का गेली तेव्हा स्मशानात मला पहिला विचार आला तो हाच, की आता घरात हे फक्त मला माहीत आहे.

"तू मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." तिने वाळू मुठीत घेतली. "पहिली दोन-तीन वर्षं खूप राग होता. तुमच्या ताटात वाढताना मी तुमच्याकडे बघायची नाही. मग एकदा लक्षात आलं, केतकीच्या वाढदिवसाला तुम्ही घरी नसता. कधी जत्रा, कधी चर्चासत्र, कधी कुठल्या डोंगरातली देवी. ती विचारायची, बाबा आजच का जातात. मी सांगायची, बाबांना काम असतं. तेव्हा कळलं, तुम्हालाही विसरता आलेलं नाही. मग विचारवेना. वाटलं, विचारलं तर हा माणूस घराबाहेर पडेल तो येणारच नाही."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, असं लिहायला बरं वाटलं असतं. आलं होतं.

"कुठे ठेवलात त्याला?" तिने विचारलं.

"नदीच्या काठाला. करंजाच्या झाडांच्या वरच्या अंगाला. मी आणि दवाखान्यातला कंपाउंडर."

"कसा होता?"

मी समुद्राकडे बघत बोलायला लागलो. लहान होता, माझ्या दोन तळहातांत मावेल एवढा. कानांवर, खांद्यांवर बारीक लव होती. हनुवटी तुझ्या वडिलांसारखी, मधे खळी पडलेली. रडला एकदाच, बारीक. त्यांच्याकडे काचेची पेटी वगैरे काही नव्हतं. नर्सने कापसात गुंडाळला, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. डॉक्टर तुझ्यापाशी होते, सगळेच तुझ्यापाशी होते, आक्का केतकीला घेऊन बसली होती. मग मी त्याला सदऱ्याच्या आत घेतला, छातीशी. खुर्चीत बसून होतो. त्याने माझं बोट धरलं होतं. डोळे एकदा उघडले होते, खिडकीकडे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मला कळलं की तो श्वास घेत नाहीये. नर्स येईपर्यंत मी तसाच बसून राहिलो.

"म्हणजे तुमच्याकडे होता? सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"हातांत गेला."

"हो."

प्रमिलेने तोंडावर पदर दाबला. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. तिच्या आईच्या वेळीसुद्धा नाही. खांदे गदगदत होते आणि आवाज लाटांत जात होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग वाटलं ठेवू नये, पण तिने तो झटकला नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "चोवीस वर्षं मी समजत होते, तो टेबलावर एकटाच गेला. कुणी घेतलाच नसेल त्याला. रोज वाटायचं. अंथरुणावर पडलं की ते टेबल दिसायचं."

मी तिला धक्का बसू नये म्हणून गप्प राहिलो होतो, आणि ते टेबल तिला मीच दिलं होतं.

कोजो लांबून बघत होता. अंधार व्हायच्या आत निघायला हवं, एवढं तो हाताने सांगून गेला. निघताना त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, मॅडमना तशी मूर्ती हवी असेल तर सुतार त्याच्या ओळखीचा आहे. मी प्रमिलेला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तो देव त्यांचा आहे. मला जे हवं होतं ते मिळालं."

परत आल्यावर केतकीला सांगितलं. फोनवर नको म्हणून पुण्याला जाऊन, समोर बसून. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमचे फोन उचलणं बंद केलं. दोघांवरही चिडली होती. माझ्यावर लपवल्याबद्दल, आईवर माहीत असून गप्प बसल्याबद्दल. "मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे, म्हणून बाबा माझ्या वाढदिवसाला थांबत नाहीत," एवढं एक वाक्य तिने आईला लिहून पाठवलं. ते मी अजून कुणाला मोठ्याने वाचून दाखवू शकलेलो नाही.

दिवाळी अंकाला मी लेख दिला नाही. संपादक नाराज झाले.

मार्चच्या अकरा तारखेला, तिच्या वाढदिवशी, केतकी न कळवता सकाळच्या गाडीने आली. चहा घेतला, आणि म्हणाली, "मला ती जागा दाखवा."

आम्ही तिघं गेलो. पंचवीस वर्षांत नदीचा तो काठ ओळखू येईनासा झाला होता. पुराच्या भीतीने दगडी भिंत घातली होती, करंजं तोडली होती, वर कुणीतरी वीटभट्टी काढली होती. मी खाली उतरलो, वर चढलो, पुन्हा खाली गेलो. इथे वळण होतं, इथे एक सपाट खडक होता. खडक सापडेना. ऊन चढायला लागलं होतं. मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होतो आणि परत येत होतो, आणि मला रडू येत होतं, कारण कंपाउंडर गेल्यानंतर ती जागा माहीत असलेला जगात मी एकटा उरलो होतो आणि मलाच ती सापडत नव्हती.

"बाबा," केतकी म्हणाली. ती आणि प्रमिला पाण्याजवळ दगडावर बसल्या होत्या. "राहू दे. इथेच कुठेतरी आहे ना?"

"इथेच कुठेतरी."

"मग बसा इथे."

मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. तिने चपला काढून पाय पाण्यात सोडले.

"जन्मल्यावर मला पहिल्यांदा कुणी घेतलं होतं?"

"आक्काने."

"आणि त्याला तुम्ही."

"हो."

"आता सांगा," ती म्हणाली. "आईला सांगितलंत तसं. काही गाळू नका."

प्रमिला पाण्याकडे बघत होती. मी पहिल्यापासून सांगायला लागलो.